खंडेनवमीला बंद केलेला आवाज

बेदाण्याच्या सौद्यात पायाखाली बेदाणा असतोच. व्यापारी नमुना बघायला मूठ भरतात, दोन दाणे तोंडात टाकतात आणि उरलेले खुशाल उधळून देतात. तासगावच्या बाजारात ही घाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्या चिकट फरशीवरून शामराव झांबरे एकेका पेटीपुढे सरकत सौदा पुकारायचे. फक्त गेली काही वर्षं पुकारताना त्यांचं तोंड मिटलेलं असायचं. आवाज यायचा तो त्यांच्या तळहातातल्या हातगणकातून, फोनचंही काम करणाऱ्या छोट्या संगणकातून.

मिसरूड फुटल्यापासून चघळलेल्या सुपारी-तंबाखूच्या माव्यानं शामरावांचा घसा खाल्ला होता. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, पण त्याआधी त्यांना एका बंद खोलीत बसवून पोटभर बोलायला लावलं. सौद्याच्या आरोळ्या, शिव्या, भावकीतली भांडणं, बायकोला मारायची हाक, सगळं नोंदवून घेतलं. त्यातून हातगणकात त्यांचा आवाज उभा राहिला. पडद्यावर अक्षरं उमटवली की यंत्र त्यांच्याच खर्जात आणि त्यांच्याच हेलात बोलायचं. "झाला" या शब्दाला तर वेगळं मोठं बटणच होतं. शामराव "झाला" म्हणाले की सौदा झाला, मग शेतकरी रडो नाहीतर व्यापारी.

वडिलांच्या काळात भाव रुमालाखाली ठरायचा, एकमेकांची बोटं दाबून. शामरावांना त्या चोरट्या व्यवहाराचा तिटकारा. चारचौघांत मोठ्यानं पुकारायचं, सगळ्यांनी ऐकायचं, ही पद्धत त्यांनी हट्टानं आणली होती आणि तिचा त्यांना ताठा होता.

दसऱ्याआधी हातगणकावर रोज एक सूचना यायची. 'नवी प्रणाली तयार आहे. यंत्र बंद करून चालू करा.' प्रणाली म्हणजे यंत्राला यंत्रपण देणारी मूळ आज्ञावली. शामराव रोज 'नंतर' दाबायचे. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची, हा त्यांचा सरळ हिशोब.

पण खंडेनवमी आली. शालनबाईंनी रिवाजाप्रमाणे घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळा, कुऱ्हाड, वडिलांचा तराजू, मिक्सर आणि सगळ्यांच्या मधोमध मालकांचा हातगणक. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी काम लावायचं नसतं, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हातानं बंद केला, पुसला, हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं. झांबऱ्यांच्या घरात यात कुणाला काही चुकीचं दिसणं शक्यच नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी शामरावांनी तो चालू केला आणि लिहिलं, 'शालन, चहा टाक.'

"शालन, कृपया चहा ठेवाल का?" हातगणक बोलला. पाकात घोळलेला, कुठल्याच गावचा नसलेला आवाज.

शालनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कोन आलंय?" त्यांनी विचारलं.

शामरावांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच गुळचट बुवा बोलला. लाजिरवाणं म्हणजे काय, ते त्यांना त्या सकाळी कळलं. मुहूर्ताच्या सौद्याला ते गेलेच नाहीत. या आवाजात "झाला" म्हटलं असतं, तर हमालसुद्धा हसले असते.

ते तडक रेश्मा मुलाणीच्या दुकानात गेले. रेश्मा आधी हातगणक बनवणाऱ्या कंपनीच्याच दुरुस्ती केंद्रात होती, तिथं भांडून बाहेर पडली आणि स्टँडजवळ स्वतःचं दुकान थाटलं. तिनं पडद्यावरचं कुंकू बोटानं खरवडलं.

"काकींनी बंद केला होता ना?" ती म्हणाली. "तिथंच घात झाला, काका. यात प्रणालीचे दोन कप्पे असतात. तुम्ही एकावर काम करत असता, तोवर नवी प्रणाली दुसऱ्या कप्प्यात गुपचूप उतरते. जुनीला धक्का नाही, तुम्हाला पत्ता नाही. यंत्र बंद करून चालू केलं, की ते नव्या कप्प्यातून जागं होतं."

शामरावांनी आवाज बंद करून लिहिलं, 'फोटो, नंबर सगळं आहे. आवाजच कसा गेला?'

"फोटो, नंबर तुमच्या कप्प्यात. तो तिसरा, त्याला नवी प्रणाली हात लावत नाही. पण सौद्यात आवाज झटक्यात निघायला पाहिजे, म्हणून कंपनीनं तुमचा आवाज प्रणालीच्या कप्प्यात ठेवला होता. त्यांच्या अटी सांगतात, प्रणालीच्या कप्प्यात जे असेल ते कंपनीचं."

'मग जुन्या कप्प्यात परत ने.'

रेश्मानं मान हलवली. "नवी एकदा जागी झाली, की मागचं कुलूप घालून किल्ली मोडून टाकते. तुमचा आवाज आत आहे, पण दार उघडत नाही. आणि पुढची प्रणाली येईल, ती त्याच कप्प्यावर लिहिली जाईल. दिवाळीच्या आतच येतेय ती." ती थोडी घुटमळली. "चिप उपसून आवाज वाचता येईल. पण मग हे यंत्र मेलं. बाजाराच्या जाळ्यात कंपनीचंच यंत्र चालतं, आणि असं फोडल्यावर कंपनी तुम्हाला दुसरं देत नाही, म्हणजे तुमचं पुकारणंही संपलं."

शामराव बोटांवर हिशोब करू लागले. तोवर रेश्मा सवयीनं नव्या प्रणालीतली आवाजांची यादी चाळत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. 'ग्रामीण, विश्वासू, पुरुष.' तिनं नमुना वाजवला.

"झाला," शामरावांचा आवाज म्हणाला.

रेश्माच्या लक्षात आलं तसा तिचा चेहरा उतरला. "हा फक्त तुमच्या यंत्रात नाही, काका. ही प्रणाली देशभर गेलीय. आणि हा आवाज पैसे भरणाऱ्या जाहिरातवाल्यांनाच मिळतो, तुम्हाला निवडता येत नाही."

शेजारच्या चहाच्या गाड्यावर कुणाचातरी हातगणक बडबडत होता. शामरावांनी आधी लक्ष दिलं नव्हतं. आता त्यांनी कान दिला. "अरं, एकदा खाऊन तर बघ," असा आग्रह चालला होता. खर्ज तोच, हेल तोच, शेवटी श्वास ओढायची खोडही तीच. जाहिरात सुगंधी सुपारीची होती.

शामरावांचा हात गळ्यावरच्या भोकाकडे गेला. ज्या लगद्यानं घसा कुजवला, तो त्यांच्याच घशातून विकला जात होता. दुकानाच्या पायरीवर जाऊन ते गटारीत ओकले, आणि ओकतानाही आवाज निघाला नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिले होते. हे तर जित्या माणसाच्या टाळूवर बसले होते.

घरी आले तर शालनबाई दारातच उभ्या, तोंडभर हसू.

"आवाज आला की ओ तुमचा," त्या म्हणाल्या. "मगाशी फोन केला तवा किती गोड वाटलं. आपरेशनच्या आधीसारखं, 'शालन, ऐक की,' म्हणालासा."

शामरावांनी फोन केला नव्हता. त्यांनी घाईनं लिहिलं, 'काय म्हणाला?'

"ते काय, टेबलावर ठेवलंय. दुकानातून घेऊन ये म्हणालासा. म्या म्हटलं, डॉक्टरनं बंद केलंय नव्हं? तर म्हणालासा, ही चालती." बोलता बोलता त्या थांबल्या.

टेबलावर सुगंधी सुपारीची पुडी होती. वर चंदेरी वेष्टन, आत ती लालसर, ओलसर, अत्तराच्या वासाची घाण. तिसऱ्या कप्प्याला नवी प्रणाली हात लावत नाही, असं रेश्मा म्हणाली होती. हात न लावता वाचता येतं, हे उघडच होतं. मालकाच्या बायकोचं नाव शालन, तिला हाक कशी मारायची, घरी ती कधी एकटी असते, सगळं तिथंच तर होतं. शामरावांनी पुडी चिमटीत धरून संडासात टाकली, पाणी ओतलं आणि हात साबणानं धुतले. मग पुन्हा धुतले. परत येऊन त्यांनी सगळी हकिकत लिहून दाखवली.

शालनबाईंनी ती सावकाश वाचली आणि खुर्चीत बसल्या. कुणीतरी अंगाला हात लावून गेल्यासारखा त्यांनी पदर आवळून घेतला.

"म्या त्याच्याशी लई बोलले ओ," त्या हळूच म्हणाल्या. "लाजले पण."

शामरावांना ते ऐकवेना. त्यांनी हातगणक उलटा ठेवला. उद्या तो रेश्माकडे द्यायचा, चिप उपसून घ्यायची, यंत्र मेलं तर मरू दे, पुकारणं गेलं तर जाऊ दे, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

"आता फोन आला तर तुमीच हायसा ते म्या वळखू कसं?" शालनबाईंनी विचारलं.

शामरावांनी फोनवर विश्वासच ठेवू नको अशी मान हलवली, खांद्यावरचा टॉवेल काढला, बायकोच्या हातावर पसरला आणि त्याखालून तिची करंगळी धरली. दोनदा दाबली, मग अंगठा एकदा. ती नवी नवरी असताना भरल्या घरात ते तिच्याशी असंच बोलायचे, वडिलांच्या सौद्यातली बोटं वापरून. ज्या पद्धतीची त्यांना जन्मभर लाज वाटली, तीच आता हाताशी उरली होती.

शालनबाईंना खूण पटली. त्यांनीही एकदा बोट दाबलं. मग टॉवेलाखालून हात न काढता त्या पालथ्या पडलेल्या हातगणकाकडे बघत राहिल्या. त्याचा काठ उजळवणारी बारीक हिरवी रेघ चालूच होती.

"हे बी त्यो बघतोय काय ओ?" त्यांनी विचारलं.