उल्मोखाली सापडलेली करवत

"हळू. कुणी बघितलं तर म्हणतील, पुरावा पळवायला आलेत," रायेन कुजबुजली.

"पळवत नाही, नुसतं बघतोय," यानिरा म्हणाली आणि तिने चॅपेलच्या ओसरीची कडी सरकवली. तिचा धाकटा भाऊ तुलियो पायरीवर पहाऱ्याला बसला. त्याचा पहारा म्हणजे बटाट्याचा मिल्काओ खात रस्त्याकडे बघणं.

ओसरीत पोत्यावर यानिराच्या आजोबांची, एवारिस्तोंची, चेनसॉ पडली होती. काल पहाटे गावातला सगळ्यात जुना उल्मो कुणीतरी तोडला. झाड भलत्याच बाजूला पडलं आणि ओतिलिया मावशींच्या मधपेट्यांचा चुराडा झाला. फांद्यांखाली ही करवत सापडली. "करवत माझी आहे," एवढंच आजोबा म्हणाले. त्यानंतर तोंडातून शब्द नाही.

आज प्रार्थनेनंतर गाव जमणार होतं. दर उन्हाळ्यात सगळे मिळून एकेकाच्या घरी हिवाळ्याचे ओंडके वाहून आणत. त्याला ते मिंगा म्हणत. यंदा एवारिस्तो आजोबांच्या मिंगेला कुणी जायचं नाही, असं आज ठरणार होतं. लाकडाशिवाय या बेटावर हिवाळा निघत नाही, हे सुट्टीपुरत्या येणाऱ्या यानिरालाही माहीत होतं.

तिची मैत्रीण रायेन इथेच वाढलेली होती. आईला करवत सुरू करताना तिने हजारदा पाहिलं होतं. तिने करवत उलटीसुलटी केली आणि एकदम थांबली.

"हे बटण बघ. दाबलेलं आहे."

"मग?"

"दोरी ओढायला जड जाऊ नये म्हणून हे दाबतात. आतला दाब या झडपेतून निघून जातो. पण इंजिनाने एकदा पेट घेतला, की बटण आपोआप वर उडतं. हे खालीच आहे. म्हणजे शेवटी कुणी ओढली, तेव्हा ती सुरूच झाली नाही."

"म्हणजे झाड या करवतीने तोडलंच नाही?"

"फांदीने दाबलं असेल," दारातून तुलियो म्हणाला.

"तू रस्त्याकडे बघ. फांदी चोकसुद्धा ओढते का?" रायेनने चोकची कळ दाखवली. ती पार टोकापर्यंत ओढलेली होती. "चोक असा असताना इंजिन चालत नाही. भसाभस पेट्रोल आत जातं आणि प्लग भिजतो."

तिने पान्याने प्लग काढला. तो ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. तिने तो पुसून परत बसवला.

"आजोबांना सांगू या. आत्ताच," यानिरा म्हणाली आणि पळत सुटली. बाकीचे दोघे तिच्या मागे.

आजोबांच्या शेडचं दार उघडंच होतं. गावात शेडला कुणीच कुलूप लावत नसे. लागलं तर अवजार न्यायचं आणि टाकी भरून परत ठेवायचं, अशी रीत होती. यानिरा आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. गेल्या मिंगेचे ओंडके भिंतीला लागून तसेच पडले होते. एकाचाही तुकडा झाला नव्हता. आणि आजोबा खाली बसून हातोडीने एक खुर्ची मोडत होते.

ती आजीची खुर्ची होती.

"आजोबा, हे काय करताय?"

"चूल पेटवायची आहे, पोरी."

"एवढे ओंडके पडलेत, ते का नाही कापले?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. मग उजवा हात उचलून दाखवला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. "होडीवरून पडलो होतो, तेव्हापासून. माझ्याच्याने दोरी ओढली जात नाही. तुझी आजी, सेल्मिरा, ओढायची. करवत चालू करून माझ्या हातात द्यायची. ती गेल्यापासून करवत सुरू झालेली नाही."

"मग काल बोलला का नाहीत?"

"काय बोलू? इतकी वर्षं गाव म्हणतंय, एवारिस्तोसारखा लाकूडतोड्या नाही. तू कुणाला सांगणार नाहीस. शब्द दे."

यानिराने शब्द दिला. देताना तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

"झालं," दाराबाहेरून सगळं ऐकलेली रायेन म्हणाली. "निम्मी साक्ष गेली."

"आजोबांचं नाव न घेता चोराकडूनच वदवून घ्यायचं," यानिरा म्हणाली. "ज्याने ही करवत ओढली, त्याला ती कशी अडते ते ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला नाही."

"आणि मोठ्या माणसांना समोर कुणी चुकीचं केलेलं बघवत नाही," तुलियो म्हणाला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो बोटं चाटत होता.

प्रार्थना संपली आणि गाव चॅपेलच्या अंगणात जमलं. चॅपेलचे कारभारी बेलार्मिनो बोलायला उभे राहिले. आजीच्या शवपेटीला पुढून खांदा देणारे हेच. "मला वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण एवारिस्तोच्या चिमणीतून धूर दिसत नाही. लाकूड हवं होतं तर मागायचं. गावाचं झाड..."

मागे खरखर झाली. रायेनने करवत अंगणात आणून ठेवली होती. ती मुठीवर पाय देऊन उभी होती.

"सोड ती!" तिची आई ओरडली.

"चालते का तेवढंच बघते. चालतच नसेल तर झाड कसं तोडलं?" रायेनने रबरी फुगा दाबून पेट्रोल वर घेतलं, झडपेचं बटण दाबलं आणि सगळ्यांना दिसेल असा चोक टोकापर्यंत ओढला. मग दोरी. एकदा. पुन्हा. पुन्हा. इंजिन नुसतं फुसफुसलं.

"पोरींचं काम नाही ते," कुणीतरी हसलं.

रायेनने आणखी दोनदा ओढली. बेलार्मिनोंचा चेहरा आंबट झाला होता. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"अगं बाई, चोक एवढा ओढू नकोस! ही करवत तशी घेत नाही. भिजते. काल माझा हात तुटायची वेळ आली."

सगळ्यांच्या माना बेलार्मिनोंकडे वळल्या.

"काल कधी, काका?" यानिराने विचारलं.

यानिरा वाट बघत होती की ते काहीतरी सांगतील, ही आपली चूक निघेल. त्यांनी टोपी काढली आणि ते खाली बसले.

"फांद्या चॅपेलच्या छपरावर घासत होत्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझी करवत मेहुण्याकडे होती, म्हणून ही घेतली. सुरू होईना. तिथेच टाकली, होडीने जाऊन माझी आणली. झाड उलटं पडलं. मी घाबरलो. आणि मग सगळे एवारिस्तोचं नाव घ्यायला लागले..."

"आणि तू घेऊ दिलंस," ओतिलिया मावशी म्हणाल्या. "माझ्या पेट्यांचं बघता येईल. पण याच्या बायकोला तू खांदा दिलास, बेलार्मिनो."

मग गर्दीतून आजोबा पुढे आले.

"माझंही एक राहिलंय," ते म्हणाले. यानिराने त्यांची बाही ओढली. त्यांनी तिचा हात हळूच सोडवला आणि सगळ्यांसमोर उजवा हात उचलला, जेवढा उचलला गेला तेवढा. "मी दोरी ओढू शकत नाही. सेल्मिरा ओढायची. मी तिच्या खुर्च्या जाळतोय."

इतके महिने रोज या माणसाच्या दारावरून सगळे जात होते.

दुपारपर्यंत आजोबांच्या अंगणात तीन करवती चालू होत्या. बेलार्मिनो न बोलता ओंडके उचलत होते. कुणी त्यांना हाकललं नाही आणि कुणी मातेचा कडू चहा प्यायला बोलावलंही नाही. ओतिलिया मावशींनी रायेनच्या पाठीत धपाटा घातला. "करवतीला हात लावलास त्याचा हा. आणि डोकं चालवलंस त्याचा मध, पुढच्या वर्षी. तिघांनाही." मग त्या यानिराकडे वळल्या. "तू शब्द पाळलास म्हणे. तुझ्या आजीची नात शोभतेस."

संध्याकाळी चूल धडधडून पेटली. यानिरा दारात लाकडं घेऊन उभी होती. आजोबा चुलीजवळ आले, हात शेकले आणि अंगातला कोट काढून खुंटीला लावला. मुलं सुट्टीला आल्यापासून घरात त्यांनी तो पहिल्यांदाच काढला होता.