सुगुणानं 'सा' सोडला

डोळे मिटून, मनातल्या मनात गुरूंना नमस्कार करून सुगुणानं शाळेच्या पेटीच्या 'पांढरी सहा' पट्टीवर बोट ठेवलं, भाता ओढला — आणि दचकून किंचाळलीच!

सूर तिचा नव्हता. आठ वर्षं जिथं बोट ठेवलं की तिचा 'सा' निघायचा, तिथून आज भलताच, चढा, परका सूर निघाला होता. तिनं डोळे उघडून पट्ट्या मोजल्या. बोट बरोबर जागी होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच! परीक्षा दीड महिन्यावर आली आणि कान गेले की काय आपले?

"कान ठीक हायत तुमचे. ओरडू नका," मागून आवाज आला. "पट्ट्या मी सरकवल्यात."

कपाटाआडून एक उंच, सावळा तरुण बाहेर आला. हाताला खडूची भुकटी, चेहऱ्यावर हसू. त्यानं पेटीचा एक खटका ओढला, आणि सुगुणाच्या डोळ्यांदेखत अख्ख्या पट्ट्या डावीकडं सरकल्या!

"सोलापूरहून नवी पेटी आलीय, पट्ट्या सरकणारी. बोट तिथंच, सूर दुसरा. आता वाजवा, तुमचा सूर जागेवर आलाय."

"हा चावटपणा कुणी सांगितला होता करायला?"

"चावटपणा कुणी सांगावा लागतो व्हय?"

सुगुणाला एवढा धक्का बसला होता, की ती पेटी उघडी टाकून तशीच घरी गेली. घरी गेल्यावर कळलं, की तो शाळेतला नवा सायन्स मास्तर प्राणेश, जनवाड्याचा. तात्पुरत्या नेमणुकीवर आलेला.

ही गोष्ट सदुसष्ट-अडुसष्टची. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. सुगुणाचे वडील श्रीनिवासराव, म्हणजे अप्पा, बसवकल्याणच्या त्या हायस्कुलाचे हेडमास्तर, म्हणून शाळा सुटल्यावर तिला रियाजाला शाळेची पेटी मिळायची. गाणं ती भीमण्णा मास्तरांकडं शिकली. गळा छान, पाठांतर चोख. पण या वेळच्या लेखी परीक्षेत एक प्रश्न आडवा आला होता — पाश्चात्य संगीत. मायनर स्केल म्हणजे काय, ओळीच्या सुरुवातीच्या खुणा कशा वाचायच्या, मॉड्युलेशन कशाला म्हणतात. भीमण्णा मास्तरांनी हात जोडले. म्हणाले, "पोरी, ते सायबाचं गाणं मला येत न्हाई. सोडून दे तो प्रश्न."

सुगुणा सोडणाऱ्यांतली नव्हती. तिनं अप्पांना विचारलं, अप्पांनी शाळेत विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत शिकवायला कोण येऊन बसावं? तोच खटकेवाला! बिदरला शिकताना शेजारच्या ख्रिस्ती बाईंकडं तो पियानो शिकला होता म्हणे. सुगुणानं कपाळावर हात मारला.

"नमस्कार, सुगुणाताई," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"...काहीच म्हणू नका. शिकवा."

समोर आई, नलिनीबाई, सुपात तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांच्यादेखत शिकवणी सुरू झाली.

"तुमचं साधं, सगळ्या शुद्ध सुरांचं सप्तक घ्या," प्राणेश म्हणाला. "पण सुरुवात 'ध' पासून करा. अन् त्या 'ध'लाच 'सा' समजा."

सुगुणानं गाऊन बघितलं. चौथ्या सुरापर्यंत आली आणि थबकली. सूर तेच होते, एकही नवा नव्हता, पण हसरं सप्तक पार उदास होऊन गेलं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

"अगोबाई! हे तर आसावरीचे सूर!"

"साहेब त्याला मायनर म्हणतो. त्याचे तीन प्रकार. हा पहिला. आता यातला 'नी' चढा करा."

"किरवाणी!" ती ओरडली. नलिनीबाईंच्या हातून मूठभर तांदूळ सांडले.

"अन् तिसरा तर और हाय. वर जाताना 'ध' अन् 'नी' दोन्ही चढे. खाली येताना दोन्ही कोमल."

"जाताना एक अन् येताना एक? लबाडच म्हणायचा की!"

"लबाड कामून? इथं येताना पाय आपसूक उचलतात, जाताना जड होतात. माझं न्हाई का होत, इथनं उठताना?"

सुगुणानं चटकन आईकडं बघितलं. आई खाली वाकून तांदूळ गोळा करत होत्या. बरं झालं!

मग खुणा आल्या. गाणं लिहिताना ओळीच्या सुरुवातीलाच खुणा करून ठेवतात, अमका सूर सगळ्या गाण्यात चढा, तमका उतरता. हे तिला पटापट कळलं. पण प्राणेशनं सांगितलं, की मेजर आणि त्याच्या जोडीचा मायनर, दोघांच्या खुणा अगदी एकसारख्या असतात.

"मग ओळखायचं कसं, हसरं कुठलं अन् उदास कुठलं?"

"वरून न्हाई कळत. गाणं शेवटी कुठं येऊन टेकतंय, ते बघायचं." हे तो पाटीकडं बघून बोलला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो तिच्याकडं बघत होता... आणि तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

खरा धक्का पुढच्या आठवड्यात बसला.

"मॉड्युलेशन म्हणजे," प्राणेश म्हणाला, "गाता गाता 'सा' बदलायचा."

"काय?"

"'सा' बदलायचा. एका 'सा'वर गाणं चालू हाय, मधेच दुसराच सूर 'सा' करायचा अन् पुढं जायचं."

सुगुणा त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. 'सा' अचल असतो. कोमल होत नाही, चढत नाही, हलत नाही. पहिल्या दिवशी भीमण्णा मास्तरांनी हेच शिकवलं होतं. तंबोरा त्यावर लावायचा, जन्मभर त्यावर गायचं. आणि हा माणूस सांगतोय, सोडा तो!

"पाप लागंल मला," ती म्हणाली.

"करून तर बघा. एक सूर असा धरायचा, जो दोन्हीकडं चालतो. तुमच्या मायनरचा कोमल 'ग' घ्या. त्यावर थांबा. ऐकणाऱ्याला वाटू द्या, आता ही खाली येणार. अन् यायचंच न्हाई! तोच 'सा' करून हसत सुटायचं."

तिनं करून बघितलं. कोमल 'ग'वर थांबली, श्वास घेतला, आणि भिऊन धाडकन जुन्या 'सा'वर येऊन पडली. दुसऱ्यांदा तेच. रोज तेच. प्राणेश हसायचा, ती चिडायची, सुपातले तांदूळ संपायचे. प्रश्नाचं उत्तर तिला केव्हाच पाठ झालं होतं. खरं तर शिकवणी कधीच संपायला हवी होती. पण ती संपवायचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं. तो आला नाही त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही, आणि का गेलं नाही हे कळल्यावर ती स्वतःच हबकली. अगं बाई... असं आहे होय!

आणि नेमकं तेव्हाच अप्पांनी जेवताना सांगितलं, "गुरुवारी गुलबर्ग्याची मंडळी यायलीत बघायला. मुलगा इंजिनियर, जयतीर्थ नाव. पत्रिका जुळलीय. त्यांना गाणारी सून पाहिजे. पसंत पडली तर त्याच बैठकीत सुपारी फोडू."

सुगुणाच्या हातातला घास हातातच राहिला. गुरुवार म्हणजे परवा!

दुसऱ्या दिवशी आई आत चहा टाकायला गेल्या तेवढ्यात तिनं प्राणेशला सांगून टाकलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती वाट बघत होती. आता बोलेल... आता बोलेल...

"चांगलं स्थळ हाय," तो म्हणाला.

सुगुणाला कुणीतरी फाडकन मुस्कटात मारल्यासारखं झालं. "एवढंच?"

"मी तात्पुरता मास्तर. तुमचे अप्पा माझे हेडमास्तर. मी काय बोलणार?"

"काहीच बोलू नका. बसा तसेच."

आणि कहर म्हणजे, भीमण्णा मास्तरांना खोकल्यानं साथीला बसवेना, तेव्हा अप्पांनी गुरुवारी पेटीच्या साथीला प्राणेशलाच बोलावलं. आणि या बहाद्दरानं 'हो' म्हटलं! दुसरा कुणी तिला बघायला येणार, तिथं हा पेटी वाजवणार! रागानं सुगुणाला रडूही येईना.

गुरुवारी मंडळी आली. जयतीर्थ गोरा, गुबगुबीत, नाकासमोर बघणारा. सोबत त्याची आई मालतीबाई. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि नजर अशी, की घरात पाऊल टाकताच कोनाड्यातली धूळसुद्धा त्यांना दिसली असावी. चुरमुऱ्यांचा सुसला झाला, चहा झाला. मग अप्पा म्हणाले, "सुगुणा, म्हण."

तिनं भजन सुरू केलं, आसावरीच्या सुरांतलं. प्राणेश खाली मान घालून साथ करत होता. एकदा वर बघेल तर शपथ! पहिलं कडवं झालं. जयतीर्थ मान डोलवत होता, भलत्याच जागी. अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायला लागलं होतं. आणखी दोन कडवी... की सुपारी फुटणार, आणि हे असंच, गप गुमान, जन्मभराचं होऊन जाणार.

सुगुणाचा सूर कोमल 'ग'वर आला. आणि तिथंच थांबला.

तिनं ठरवलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. ती नुसती थांबली, आणि प्राणेशकडं बघत राहिली. त्यानं मान वर केली. सूर लांबतोय हे ऐकून त्याचे डोळे विस्फारले. त्यानं किंचित मान हलवली — नको, नको...

सुगुणानं 'सा' सोडला.

त्याच सुरांत, पण दुसऱ्याच पायावर ती उभी राहिली. उदास भजन एकदम उजळून निघालं. आतल्या दाराशी भीमण्णा मास्तर उभे होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. अप्पांचं तोंड उघडं पडलं. प्राणेशची बोटं पट्ट्यांवर गोठली. क्षणभर तिचा आवाज एकटाच राहिला, कुणाचाच आधार नाही. आला नाही तर?

आला. पेटी धावत आली, आणि मग दोघं मिळून असे सुटले, की खोलीत दुसरं कुणी आहे याचं भान राहिलं नाही. भजन संपलं ते नव्या 'सा'वर. जुन्याकडं ती परत फिरकलीच नाही.

"वा! छान!" जयतीर्थ म्हणाला.

मालतीबाईंनी कप खाली ठेवला. "हे असंच बसवलं होतं, व्हय?"

"न्हाई," सुगुणा म्हणाली. "आत्ता सुचलं."

मालतीबाई प्राणेशकडं वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"न्हाई, बाई."

"मग तिच्या मागं एवढ्या चटकन कसे गेलात? मी बी लग्नाआधी गात होते. चांगल्या चांगल्यांना जमत न्हाई हे."

प्राणेशनं अप्पांकडं बघितलं, सुगुणाकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचार न करता बोलला.

"त्या जिथं जातील तिथं जायचंय मला. जन्मभर."

बोलल्यावर त्याला स्वतःलाच एवढा धक्का बसला, की तो उभाच राहिला. "सर," तो अप्पांना म्हणाला, "उद्यापासून शाळेत नका ठेवू मला. पण हे खरं हाय."

"प्राणेश!" अप्पा लालबुंद झाले. "काय बोलायलास तू? सुगुणा, हे काय हाय?"

"खरं हाय, अप्पा," सुगुणा म्हणाली. मान खाली गेली नाही. "माझंही तेच हाय."

नलिनीबाई मटकन खाली बसल्या. जयतीर्थ आईकडं बघायला लागला. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. मालतीबाई मात्र उठल्या, सुगुणाजवळ आल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"श्रीनिवासराव, रागावू नका पोरीला. माझ्या लेकानं ही गळ्यातली जागा जन्मात ओळखली नसती. मी तसाच संसार केलाय, मला ठाऊक हाय ते." मग लेकाला म्हणाल्या, "चल बाबा. पाचची बस मिळतीय."

मंडळी गेली. अप्पा खुर्चीत बसून राहिले. शेवटी त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "जनवाड्याला जायला सकाळची बस कधी हाय रे?"

"साडेसातची, सर. बिदरला बदलायची. कामून?"

"कामून म्हणतोस? मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला जाऊन विचारायचं असतं. एवढं कळत न्हाई अन् पोरांना सायन्स शिकवतोस! तू बी चल सोबत. घर दाखवायला."

प्राणेश तसाच ओट्यावर आला, चपला शोधायला लागला. मागोमाग सुगुणा आली.

"चांगलं स्थळ हाय म्हणालात तेव्हा मी रात्रभर जागी होते," ती हळूच म्हणाली.

"मी भ्यालो होतो."

"अन् आता?"

"आता तर जास्तीच भ्यायलोय. उद्या बिदरपर्यंत बसमधी तुमचे अप्पा माझ्या शेजारी बसणार..."

सुगुणा इतक्या मोठ्यानं हसली, की आतून नलिनीबाई ओरडल्या, "अगं हळू! अजून लग्न ठरायचंय!"