कुंडीखालचे पाय

"एकच चित्र दोनदा कशाला ठेवायचं? दिला एक दगड टाकून," संग्रहालयाचं कोठार सांभाळणारे काका म्हणाले.

तिथेच जीवाश्मांचा अभ्यास करणारी मावशी मटकन खुर्चीत बसली. सुट्टीला आलेली तिची तिन्ही भाचरं, ताई, ढब्बू आणि चिंगी, एकमेकांकडे पाहू लागली.

तो पाटीचा दगड पन्नास कोटी वर्षांचा होता. पुस्तक उघडावं तसा तो दुभंगला होता. एका अर्ध्यावर बोटभर प्राण्याची पाठ उमटली होती, दुसऱ्यावर पाय. पायांना सांधे असतील, तर तो खेकडा, कोळी, झुरळ यांचा फार जुना नातेवाईक. नसतील, तर नुसती अळी. सांधे आहेत, असं मावशी तीन वर्षं सांगत होती. ते तपासायला प्राध्यापक आज चार वाजता येणार होते, आणि काकांनी टाकला होता तो नेमका पायांचा अर्धा.

"टाकला कुठे?" ताईने विचारलं.

"माळीबुवांनी नेला, कुंडीखाली ठेवायला."

संग्रहालयाच्या बागेत चाळीस कुंड्या होत्या आणि बुवा एकीलाही हात लावू देत नसत.

"बुवा, कुंड्यांमधलं तण काढू?" ढब्बूने साळसूदपणे विचारलं.

"बागेचा एवढा पुळका कधीपासून?"

"मावशी म्हणते, आयतं खाऊ नका."

बुवा खूश होऊन चहाला गेले.

ताईने उरलेल्या अर्ध्याची कड कागदावर गिरवून आणली होती. एकेक कुंडी कलती करून ती कागद लावून बघे. चाळीस संपल्या. एकही दगड जुळेना.

"संपलं," ढब्बू पुटपुटला.

चिंगी आपले दोन्ही तळवे जोडत होती, उघडत होती. "ताई, हे अर्धे समोरासमोर होते ना? मग दुसरा आरशातल्यासारखा असणार. कागद पालथा कर."

पुन्हा पहिल्यापासून! तेविसाव्या कुंडीखाली कड तंतोतंत बसली. कुंडीचं बूड मधे खोलगट, म्हणून ठसा शाबूत होता.

"पाय कुठे आहेत? मला तर काही दिसत नाही," चार वाजता आलेले प्राध्यापक दगड न्याहाळत म्हणाले.

मावशीने दिवा घालवला आणि टॉर्च दगडालगत आडवी धरली. बारीक रेघांच्या सावल्या पडल्या.

प्राध्यापकांनी भिंग चिंगीला दिलं. "शोधलंस तू. मोज."

"पाच... सहा... सात. एकाच पायाला सात सांधे."

त्यांनी स्वतः दोनदा मोजले. "बाई, तुमचं बरोबर होतं. आणि ही भाचरं तुमच्या वरताण आहेत."

कोठारवाले काका खाकरले. "याला मी नवा, वेगळा खण देतो."

"नको," मावशी चिंगीच्या केसांतली माती झटकत म्हणाली. "दोघं एकाच खणात. पन्नास कोटी वर्षं एकत्र राहिलेत ते."