सहा नंबरचा प्लॉट

"ताई, उद्या हा तुमच्या ऑफिसात देतोय. पहिली छाननी तुझ्याच टेबलावर होते ना? बघ जरा!"

चहाचे कप बाजूला सारून धाकट्या भावानं टेबलावर नकाशा पसरला, आणि ताईनं चष्मा पुसून तो वाचायला घेतला... वडिलांच्या जमिनीचे सहा प्लॉट! चार विकायचे, पुढचा ऐसपैस भावाचा, आणि अगदी मागचा, सहा नंबरचा, ताईचा. पुढच्या वर्षी निवृत्त झालं की तिथं दोन खोल्या बांधायच्या, स्वतःच्या दारात उभं राहायचं, एवढंच तर त्या माउलीचं मागणं! पण सहा नंबरला रस्ताच नव्हता. तीन बाजूंना परक्यांच्या भिंती, आणि समोर भावाचाच प्लॉट!

दुसरी कुणी असती तर कागद तिथंच भिरकावला असता. पण एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून नकाशे तपासायच्या नोकरीला लागलेली, पगारातून भावाला इंजिनिअर केलेली ही बाई... तिला शरम वाटली, आणि तीही त्याची! आपण वाढवलेलं पोर आपल्याला विसरलं, हे आपणच त्याला दाखवायचं? छे! तिची जीभच उचलली नाही.

नात्यातली फाईल आली तर साहेबांना सांगून ती दुसऱ्याकडे द्यायची, हा नियम तिला तोंडपाठ होता. भाऊ म्हणाला, "कशाला सांगतेस? उगाच महिना जाईल." तिनं सांगितलं नाही. लाल पेन्सिल सहा नंबरवर नेली, दोनदा नेली... आणि परत खाली ठेवली.

मंजुरीच्या बैठकीला अर्जदार म्हणून भाऊही आला होता. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "बाई, या प्लॉटचा मालक घरात काय उडत जाणार?"

खोलीत हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. "अडतीस वर्षांत तुमच्या नजरेतून रस्ता सुटला नाही. आजच कसा सुटला? काही घेतलंत की काय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला! मान खाली घालून ती पुटपुटली, "चूक माझीच, साहेब... लेखी खुलासा देते."

टेबलापलीकडे बसलेल्या भावाला आत्ता कुठं तो नकाशा दिसला. आपणच काढलेला! ताई आपल्याकडेच राहणार, तिला कशाला वेगळा रस्ता, असं म्हणून किती सहज रेघ ओढली होती त्यानं... त्याचे कान तापले. तो उभा राहिला.

"साहेब, तो प्लॉट यांचाच आहे. ही माझी सख्खी बहीण. चूक मी केली... आणि ती पोटात घालायला तिनं स्वतःचं नाव घालवलं!"

साहेबांनी फाईल दुसऱ्या टेबलावर पाठवली. खुलासा मात्र ताईला द्यावाच लागला, आयुष्यातला पहिला!

आठवड्यानं भाऊ पुन्हा घरातल्या त्याच चहाच्या टेबलाशी आला. नव्या नकाशात त्याच्या स्वतःच्या प्लॉटचा एक पट्टा कापून रस्ता थेट सहा नंबरच्या दारापर्यंत गेला होता.

"ताई, चुकलो गं... तोंड दाखवायची लाज वाटते मला!"

डोळ्यांतलं पाणी नकाशावर पडू नये म्हणून ताईनं कागद लांब धरला. मग पट्टी लावली, पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि रस्त्याभोवती गोल केला.

"चुकलास तर! सहा मीटर लागतो, तू साडेपाच काढलायस. इथं मी बहीण असले, तरी रस्ता सहाचाच हवा."

हसू आणि हुंदका एकदमच फुटला त्याला. नाक पुसत त्यानं खुर्ची ओढली, आणि ताईच्या शेजारी बसून स्वतःच्या अंगणातला आणखी अर्धा मीटर खोडायला घेतला.