आत गेलेली हवा

नागपूरच्या माणसासमोर उन्हाळ्याला नावं ठेवू नयेत. पुण्या-मुंबईचा पाहुणा 'बापरे, सेहेचाळीस?' म्हणाला की यजमानाची छाती फुगते, जणू सूर्य त्यानेच पेटवलाय. आणि या लढाईतलं त्याचं हत्यार म्हणजे कूलर. होळी झाली की तो गच्चीवरून उतरवायचा, गंज खरवडायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आणि मागच्या खिडकीला टेकवून विटांवर बसवायचा. घरातल्या एखाद्या मुंजीइतकीच धावपळ असते.

विश्वनाथ देवपुजारींच्या घरी यंदा भर नवतपात ही धावपळ करावी लागली. पंचवीस मे, नऊ जाळत्या दिवसांपैकी पहिला, आणि नव्या प्लास्टिकच्या कूलरची मोटर जळली. विश्वनाथांचं एक वेळ चाललं असतं. पण बायकोला, यमुताईंना, दमा. त्यात घर कळमन्याला, समोर मार्केटचे ट्रक, मागे नाला आणि नाल्याच्या काठावर दिवसभर जळणारं प्लास्टिक. खिडकी उघडावी तर धूर आणि लावावी तर भट्टी. बाईंचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा.

"चार दिवस तरी लागन, काकाजी," मोटर उलटीपालटी करत कूलरवाला अंकुश म्हणाला. मग गच्चीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली त्याला जुना लोखंडी कूलर दिसला. "हा काहून झाकून ठेवला जी? चांगला दणकट आहे."

विश्वनाथांनी ताडपत्री परत ओढून घेतली. खालून, जिन्यातूनच, यमुताई म्हणाल्या, "उतरव त्याले."

तो कूलर एकोणचाळीस वर्षांपूर्वी झाकला होता. शहाऐंशीच्या नवतपात त्यांची सहा वर्षांची दामिनी गेली, आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. आतल्या ताट्यांचा भुसा झाला असेल असं विश्वनाथांना वाटलं होतं. अंकुशने एक ताटी काढून नाकाला लावली. "कालच बसवल्यावानी आहे," तो म्हणाला आणि तशीच परत बसवली.

कूलर लागला. पाच मिनिटांत खोली गार झाली. दहा मिनिटांत यमुताईंची शिट्टी बंद झाली. विश्वनाथांनी दोनदा वाकून पाहिलं, बाई शांत झोपल्या होत्या. दम्याचा पंप एकदाही ओढावा लागला नाही.

उठल्यावर त्या म्हणाल्या, "मोगरा फुलला वाटते."

मागच्या अंगणात मोगरा होता खरा, विहिरीच्या काठाला. पण विहिरीत नाल्याचं पाणी झिरपलं, पोहऱ्यात फेस यायला लागला, तेव्हा ती बुजवली. मोगरा त्याच वर्षी गेला. विश्वनाथांनी हे बोलून दाखवलं नाही, कारण वास त्यांनाही येत होता.

पुढच्या चार-पाच दुपारी मात्र मोठ्या सुखाच्या गेल्या. दोघं कूलरसमोर सतरंजी टाकून पडायची, मध्ये टरबुजाची थाळी. हवेत मोगरा, ओली माती, शेणाचा सडा. मागे संत्र्याचा बगीचा होता तेव्हा तिथलं इंजिन दुपारभर धकधकायचं, तसं काहीतरी लांबून ऐकू यायचं. पंखाच वाजत असेल, असं विश्वनाथ म्हणायचे. एकदा कोकीळ ओरडली. यमुताई हसल्या आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी ते नाव घेतलं.

"दामी तिले चिडवायची, आठवते? ती कू म्हणे की ही कू म्हणे. शेवटी कोकीळच थकून जायची."

"हाव," विश्वनाथ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्यांना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं.

पण माणूस हाडाचा हवा मोजणारा. ते सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि दामिनी गेल्यावर त्यांनी स्वतःहून हवा तपासायचं काम मागून घेतलं होतं. कचेरीच्या गच्चीवरचं यंत्र दिवसभर हवा ओढायचं, आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसायची. कागद आधी कोरा तोलायचा, मग मळका तोलायचा, वजनात पडलेला फरक म्हणजे शहराने त्या दिवशी छातीत घेतलेली घाण. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. उरलेले चार कागद अजून कपाटात होते.

सातव्या दिवशी त्यांनी एक कागद कूलरच्या समोर लावला आणि एक बाहेरून, मागच्या जाळीवर.

आठव्या दिवशी दुपारी दोन्ही काढले. मागचा काजळीसारखा काळा झाला होता. समोरचा कोरा होता, फक्त त्यावर कडुनिंबाचं एक वाळकं पान चिकटलं होतं. अंगणातला कडुनिंब रस्ता रुंद झाला तेव्हाच तोडला होता.

ताट्यांनी धूळ धरली असेल, असं म्हणून त्यांनी ताटी काढली. स्वच्छ. खालच्या टाकीत हात घातला. पाणी नितळ, तळाला गाळसुद्धा नाही. विश्वनाथ विटेवर बसून राहिले. मागून घाण आत जात होती हे तर नक्की. आत गेलेली वस्तू कुठंतरी निघाली पाहिजे, एवढं साधं गणित होतं.

तेव्हा कूलरमधून खोकल्याचा आवाज आला.

यमुताई झोपल्या होत्या. खोकला बारीक होता, कोरडा, लहान मुलाचा. पंख्याच्या पलीकडून येत होता.

विश्वनाथांना दामिनीची उशी आठवली. पांढऱ्या अभ्र्यावर रोज सकाळी काळी भुकटी असायची. तेव्हा मागे बगीचा, समोर शेतं, मैलभर धुराडं नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. जवळ कारखाना आहे का, म्हणाले. पोरीची छाती भट्टीवरच्या मजुरासारखी वाजते. मग त्यांनी विचारलं होतं, घरात सिगडी पेटवता का?

यमुताई सिगडी पेटवत होत्या. त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी सिगडीला हात लावला नव्हता. आपल्याच धुराने लेक गेली, हे त्या मनात धरून बसल्या होत्या.

आजार सुरू झाला होता नवतपाच्या पहिल्या दिवशी. याच खोलीत, याच कूलरसमोर.

विश्वनाथांचं गणित सुटलं. तिच्या वाटची हवा इथं येत होती. इथली तिकडे, शहाऐंशीत, जात होती. आणि ते दोघं समोर बसून टरबूज खात होते.

त्यांनी बटण बंद केलं आणि प्लग उपटून काढला.

पंखा थांबला. खोकलाही थांबला. घड्याळात तीन वाजले होते.

तेव्हा त्यांना पुढचं आठवलं. शहाऐंशीला आठव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला दामिनीचा खोकला एकाएकी थांबला होता. ती उठून बसली, टरबुजाची फोड मागून खाल्ली. यमुताईंनी देवासमोर साखर ठेवली होती. का बरं वाटलं, डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. नवव्या दिवशी दुपारी पुन्हा उलटलं आणि ती गेली.

उद्या नववा दिवस होता. उद्या हा कूलर लागला नाही, तर? सहा आणि एकोणचाळीस, पंचेचाळीस. पंचेचाळीस वर्षांची बाई दारातून आत येईल, चपला काढेल, बाबा म्हणेल. विश्वनाथांना हसू आलं, आणि लगेच रडूही.

"बंद काहून केला?" यमुताई जाग्या झाल्या होत्या. शिट्टी परत सुरू झाली होती.

खरं सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण जी बाई सिगडीच्या धुराचं ओझं इतकी वर्षं वाहते, तिला हे कसं सांगायचं?

"शॉक मारून राहिला वं," ते म्हणाले. "बिलकूल हात लावू नको. उद्या अंकुश घेऊन जाते त्याले."

रात्रभर ते तिला ओल्या पंच्याने वारा घालत बसले. सकाळी अंकुशला फोन केला. तो म्हणाला, नवी मोटर आताच आली, संध्याकाळी घेऊन येतो. दुपारपर्यंत यमुताईंचे ओठ निळसर दिसायला लागले आणि पंप संपला. मेडिकल स्टोअर चौकात होतं, दहा मिनिटांचा रस्ता. विश्वनाथांनी स्कूटर काढली.

जाताना रस्ता मोकळा होता. परतताना मार्केटच्या फाटकात दोन ट्रक अडकले आणि पाऊण तास गेला.

घराच्या फाटकापाशीच त्यांना कूलरची घरघर ऐकू आली.

खोलीत गारवा होता. मोगऱ्याचा वास येत होता. यमुताई कूलरला टेकून बसल्या होत्या, चेहऱ्यावर छान रंग, श्वास एकसारखा.

"तुले हात लावू नको म्हटलं होतं ना वं," विश्वनाथ दारातूनच म्हणाले.

"अहो, तुम्ही गेले अन् दामीचा आवाज आला आतून. आई, उकडते म्हणे. आई, कूलर लाव. मग मी थांबतो काय शॉकले घाबरून?" त्यांनी डोळे पुसले. "लावल्यावर लई खोकली पोर. लई म्हणजे लई. आता नाही."

विश्वनाथांनी प्लग ओढला. पंखा हळूहळू थांबला. त्यांनी जाळीला कान लावला.

यमुताईंचा हात कूलरच्या पत्र्यावर होता. त्या तो थोपटत होत्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आताच डोळा लागला तिचा."