चौथं बोट

टपकन एक थेंब पडला, आणि तोही नेमका तांदळात.

गोजरानं वर पाहिलं. पौडच्या आठवड्याच्या बाजारात, चहाच्या दुकानापुढं ती पाटी मांडून बसली होती. पाटीत कालच कांडलेला आंबेमोहोर, आणि त्या पांढऱ्या ढिगाच्या मधोमध लालभडक रंगाचा ठिपका. शिडीवर एक तरुण उभा होता. हातात एक कुंचला, कानामागं दुसरा, आणि चेहरा असा की जणू कुणाच्या झाडाचे आंबे पाडताना सापडलाय.

"अवं पेंटर, दुकानाची पाटी रंगवताय का माझी?"

"चुकलं... खरंच चुकलं." तो भराभर खाली उतरला. "धुवून देऊ का?"

"धुतलेला तांदूळ चुलीवर चढतोय, बाजारात न्हाई. बसा हितं, आन् येचा एकेक दाणा."

आणि तो बसला! मांडी घालून, मान खाली घालून, एकेक लाल दाणा उचलून तळहातावर ठेवू लागला. गोजराला वाटलं होतं, हा हसेल, दोन आणे टेकवेल आणि जाईल. पण तो इतकं मन लावून वेचत होता, की तिलाच बघत राहावंसं वाटलं. मधेच त्यानं मूठभर तांदूळ नाकाशी नेला.

"पुण्यात आम्ही आंबेमोहोर म्हणून खातो, त्याला असा वास येत नाही."

"कसा यील? व्यापारी आमच्या कोळवणचं भात नेतोय, त्यात जाडंभरडं मिसळतोय, आन् नाव आमचं सांगतोय."

"मग तुम्हीच कांडून, पोत्यात भरून, त्यावर आपली छाप टाकून का नाही पाठवत? हत्ती छाप, घोडा छाप असते तशी. छाप दिसली की गिऱ्हाईक समजेल, हा माल चोख."

गोजरानं ते हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी एसटीतून घरी जाताना खिडकीबाहेरची खाचरं तिला दिसत होती कुठं? तिला दिसत होती पोती... आणि पोत्यांवर काहीतरी, अजून न उमटलेलं.

ही सन छप्पनची गोष्ट. धान्यावरचा कंट्रोल उठून दोन वर्षं झाली होती. गोजराची आई वारली होती. घरात वडील कोंडिबा आणि विधवा आत्या धोंडाबाई. आत्यानं सूसचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, जमीन होती, नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्या घरात सुनेनं उंबऱ्याबाहेर धंदा करणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गोजरानं वडिलांपाशी छापेची गोष्ट काढली, तेव्हा कोंडिबा बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"ह्या हंगामाला बघ करून," तो शेवटी म्हणाला. "तुजा तांदूळ तुज्या छापेवर पुण्यात खपला, तर सूसवाल्यांना मी न्हाई म्हणतो. न्हाई खपला, तर चैतात सुपारी फुटंल. मग तोंड वाकडं करायचं न्हाई."

"न्हाई करणार, आबा."

पुढच्या बाजाराला ती पुन्हा त्या शिडीखाली उभी राहिली.

"पेंटर, छाप काढून द्याल का?"

"वाल्मीक नाव आहे माझं."

"मी नाव कुटं इचारलं?"

"नाही विचारलं, म्हणूनच सांगितलं," तो म्हणाला, आणि कानामागचा कुंचला उगाचच काढून पुन्हा कानामागं खोचला.

पौडला त्याचं दुकानांच्या पाट्यांचं काम चालू होतं, तोवर रिकाम्या दिवशी तो कोळवणला येऊ लागला. पहिली छाप त्यानं मोठ्या हौसेनं केली. कमळात उभी लक्ष्मी, हातातून मोहरा पडतायत, बाजूला दोन हत्ती! पत्र्यात तेवढी नक्षी कापायला त्याला चार दिवस लागले. पोत्यावर पत्रा धरून काळा रंग फिरवला, तर आळीतल्या कांडणाऱ्या बाया मुसळं खाली ठेवून बघत राहिल्या.

आणि तिथंच घोळ झाला.

पोत्याचं तोंड शिवताना त्याला गुडघा लावून दाबावं लागतं. पण गुडघा लावणार कोण? समोर लक्ष्मी! आत्यानं आधी हळदकुंकू आणलं, मग एकीनं फुलं आणली. सकाळी लॉरी आली, तर ड्रायव्हर नथूनं पोती पाहिली, चपला काढल्या आणि हात जोडले.

"न्हाई बा. लक्षुमीला खाली टाकून तिच्या डोक्यावर दुसरी लक्षुमी रचू? आन् वर चढून पाय देऊ? घाटात गाडी उलटायची माजी."

लॉरी रिकामी निघून गेली. पोती ओसरीवर फुलं लेवून उभीच.

"झ्याक!" कोंडिबा म्हणाला. "आता रोज आरती करा ह्यांची."

गोजराला हसू आलं. हसता हसता डोळे कधी भरले, ते तिचं तिलाच कळलं नाही.

वाल्मीक आला तेव्हा सारं ऐकून खालीच बसला. "मी चित्र चांगलं काढायच्या नादात होतो. पोत्याला काय चांगलं, ते पाहिलंच नाही."

"हत्ती तेवढं झकास हुते," ती म्हणाली.

"तुम्ही चिडत का नाही?"

"चिडले की तुमी परत याल का?"

तो वर बघू लागला, तशी ती सूप उचलून खळ्याकडं निघून गेली.

सूर्य डोंगराआड टेकला होता. खळ्यात झोडलेल्या भाताची रास पडली होती. गोजरानं चुलीतली राख ताटलीत आणली, अंगठा आणि करंगळी मुडपली, मधली तीन बोटं राखेत बुडवली आणि राशीवर वरून खाली ओढली. तीन रेघा. मग पलीकडच्या बाजूला, पुन्हा तीन.

वाल्मीक तिच्यामागं येऊन उभा होता. "हे काय करताय?"

"राशीवर राखंची बोटं. कुनी मूठभर जरी उचललं, तरी दाणं घसरत्यात आन् रेघ मोडती. माजी आई अशीच वढायची. पंचक्रोशीत सगळ्यांस्नी ठावं हाय, तीन बोटं म्हंजी कोंडिबाच्या घरची रास."

"आणि ह्याला पाय लागला तर?"

"राखंला काय हुतंय?"

वाल्मीक त्या तीन रेघांकडं पाहत राहिला. शिकणाऱ्या मुलाला गणित एकदम सुटावं, तसा त्याचा चेहरा उजळला. ना हत्ती, ना मोहरा. वाचता न येणाऱ्या हमालालाही लांबून ओळखू येईल, आणि पोत्यावर बसलं तरी कुणाचा अपमान होणार नाही. किती सोपं! आणि सोपं होतं म्हणूनच त्याला आजवर दिसलं नव्हतं.

"हीच छाप," तो म्हणाला.

"ही? ही तर कुनीबी काढंल."

"काढू दे की. तुमच्या बोटांसारखी नाही निघणार."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्यानं कागद पसरला. तेलात काजळी कालवली. गोजरानं बोटं बुडवली आणि कागदावर टेकवली... रेघा वाकड्या आल्या.

"हात का थरथरतोय?"

"थंडी हाय."

"भर दुपारी? उन्हात?"

"आमच्या गावचं ऊन थंडच असतंय," ती म्हणाली. ओसरीच्या टोकाला आत्या सुपात खडे निवडत होती, ती खोकली. दुसऱ्या कागदावर रेघा सरळ उमटल्या. तो कागद वाळेपर्यंत दोघंही त्याच्याकडंच बघत बसली, कारण दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

"तुमचं गाव कंचं?" तिनं विचारलं.

"माझं? पाण्याखाली आहे." तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "मुळशीच्या धरणात गेलं. आजोबा पुण्याला गेले, तिथंच राहिलो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या बांधांच्या रेघा दिसतात म्हणे. मी कधी पाहिलं नाही. ज्याला गाव नाही, जमीन नाही, त्यानं..." आणि त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

गोजराला त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा समजला. पण ते तिनं पुरं करायचं कसं?

त्यानं जुना डबा उलगडून कागदावरच्या रेघांप्रमाणे पत्रा कापला. गोजरानं फटींत बोटं घालून पाहिली. जिथल्या तिथं बसली.

"पौडचं काम संपलं," तो म्हणाला. "पुण्यात मंडईजवळ माझ्या उस्तादांचं पाट्यांचं दुकान आहे, तिकडं परत जातोय. पोती आली की ओळखीन मी."

"पोती वळखाल. आन् कागद? त्यो कुटं चाल्ला?"

त्यानं कागद आधीच घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. "पत्रा झिजला तर दुसरा कापायला लागेल ना..."

आणि तो गेला.

तीन बोटांची पोती पुण्याला जाऊ लागली. नथूनं खुशाल पाय देऊन ती रचली. गोजरा पोत्यावर पत्रा धरायची, रंग फिरवायची, आणि पत्रा उचलण्याआधी क्षणभर थांबायची. सकाळी खोऱ्यात धुकं उतरायचं, गवतावरच्या दहिवरानं पाय भिजायचे. लॉरीचा आवाज धुक्यातून आधी यायचा, लॉरी मागाहून. दर वेळी वाटायचं, नथूशेजारी कुणी बसलं असेल... आणि नथूशेजारी त्याची भाकरीची पुरचुंडी असायची. नुसताच रंगाचा वास आला, तरी तिचं कांडण चुकायचं.

"मुसळ उखळात घाल, गोजरे," आत्या म्हणायची. "भुई काय कांडतीस?"

माघात लॉरीबरोबर रिकामी पोती परत आली. गोजरा ती झटकत होती. एक पोतं उलटं केलं आणि तिचे हात थांबले.

तीन रेघांशेजारी चौथी होती.

तशीच काळी, तशीच सरळ, पण जरा लांब आणि जाड. पत्र्यानं नव्हे, कुंचल्यानंही नव्हे, बोटानं ओढलेली. तिनं आपली तीन बोटं छापेवर ठेवली. शेजारची रेघ पुरुषाच्या बोटाएवढी होती, अगदी जवळ... पण मधे तसूभर जागा राखून. जणू विचारत होती, येऊ का?

त्या गठ्ठ्यात असं ते एकच पोतं निघालं. पुढच्या गठ्ठ्यात आणखी एक.

आत्याच्या नजरेतून काय सुटतंय? "ही काळी रेघ कसली? धुऊन टाक. सूसची माणसं येणार हायेत चैतात."

गोजरानं पोतं धुतलं नाही. तिनं सगळ्यांत चांगला तांदूळ घेतला, त्यातला तुकडा तुकडा पाखडून काढला, अख्खा टपोरा दाणा तेवढा ठेवला आणि त्याच पोत्यात भरला. पोतं लॉरीत चढलं तेव्हा तिचं काळीज उखळातल्या भातासारखं कांडलं जात होतं. त्याला कळेल का? का कुणी हमाल पाठीवर टाकून नेईल, आणि तो तिकडं पाट्याच रंगवत बसेल?

पुढं चार रेघांचं जे पोतं यायचं, ते ती असंच भरत गेली. उत्तर आलं, पण नथूच्या तोंडून. अंगणात उभा राहून तो ओरडला, "कोंडिबा, मंडईतला शेठ इचारतोय, चार बोटांचा तांदूळ आनखी धाडा! तीन बोटांचा बरा हाय, पर चार बोटांचा लई सरस. गिऱ्हाईक नावानं मागतंय."

"चार बोटं?" कोंडिबा चक्रावला. "आपली तर तीन हायेत!"

आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग उठली, परत आलेलं एक चार रेघांचं पोतं आणून भावापुढं टाकलं. कोंडिबानं ते पाहिलं. लेकीकडं पाहिलं. लेक खुंटीवरच्या दिव्याकडं बघत होती. दिवसाढवळ्या, न पेटलेल्या.

"नथू," तो म्हणाला, "त्या पेंटरला म्हणावं ये. एक काय ते ठरवून जा."

चैत्र लागला होता. वाल्मीक आला तेव्हा अंगणात कांडायला काढलेल्या भाताची रास होती, आणि परड्यातल्या आंब्याचा शेवटचा मोहोर वाऱ्यानं गळत होता. त्यानं कोंडिबाला वाकून नमस्कार केला.

"ही चौथी रेघ कुनाची?"

वाल्मीकनं कानामागचा कुंचला काढून हातात धरला. "माझी."

"मालकाला न इचारता?"

"मालकिणीला विचारत होतो. तोंडानं विचारायचं धाडस नव्हतं. मला गाव नाही, जमीन नाही."

"ते ठावं हाय," कोंडिबा म्हणाला. "पौडला दुकान टाकशील का पुण्यात?"

"पौडला. इथून जायला-यायला..." आपण काय बोलून गेलो ते त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"हिचा तांदूळ खपलाय. सूसवाल्यांना मी काल न्हाई म्हणून आलो. बोललो हुतो, ते पाळलं. तिकडच्या म्हाताऱ्यानं चहा बी पाजला." कोंडिबानं तंबाखूची चंची उघडली. "आता ऱ्हायली छाप. पत्रा एकच कापायचा. तीन बोटं का चार, ते जिचा माल हाय, तिनं सांगावं."

गोजरा आत गेली. वाल्मीकला वाटलं, संपलं. पण ती राखेची ताटली घेऊन बाहेर आली. अंगठा आणि करंगळी मुडपून तिनं राशीवर तीन रेघा ओढल्या, सावकाश, वरून खाली. मग एक पाऊल बाजूला सरली, आणि ताटली त्याच्यापुढं धरली.

वाल्मीकनं राखेत बोट बुडवलं. तिच्या रेघांशेजारी टेकवलं. या वेळी तसूभर जागाही सोडली नाही.

"हात थरथरतोय," गोजरा हळूच म्हणाली.

चैत्राचं ऊन अंगणात तापून उभं होतं. आत्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"थंडी आहे," वाल्मीक म्हणाला.