चार रिकामे रविवार

वरच्या मजल्यावरची वीज गेली, म्हणून तो लॅपटॉप काखोटीला मारून खाली आला आणि नेमका तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. ती ऑफिसात सगळ्यात नवी, म्हणून सगळ्यांची 'धाकटी'. त्या दुपारी तिचं धाबं दणाणलं होतं. दातांच्या दवाखान्यासाठी लिहिलेला तिचा प्रोग्रॅम चार वाजता साहेबांना दाखवायचा होता. जमला तर नोकरी पक्की, नाही तर... ते 'नाही तर' तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

"तुमच्या उसाशांनी माझे कागद उडतायत," तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. "पेशंटची यादी मी फक्त छापायला देते. छापून होते, आणि पहिला आलेला माणूस शेवटी जाऊन बसतो."

त्याने खुर्ची जवळ ओढली. इतकी, की त्याच्या शर्टाचा ताज्या इस्त्रीचा वास तिला आला.

"छापणारं फंक्शन नावं अकारविल्हे लावतं?"

"हो. पण ते त्याच्याकडच्या प्रतीत..."

"प्रत जातच नाही हो. जावा भाषेत ॲरे, म्हणजे ही तुमची यादी, फंक्शनला दिली की त्याला घराची किल्लीच मिळते. ते आत शिरून सामान हलवतं, आणि मग तुम्हालाच तुमचा चमचा सापडत नाही."

"म्हणजे मी घर उघडं टाकलं?"

"विश्वास टाकणारी माणसं टाकतात," तो म्हणाला, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

तिने यादीची प्रत काढून ती छापायला दिली. मूळ रांग जागची हलली नाही. चार वाजता साहेब नुसतं "हं" म्हणाले. साहेबांकडे याहून मोठं कौतुक नव्हतं.

ती धावतच जागेवर आली, तर वीज आलेली आणि शेजारची खुर्ची रिकामी. नोकरी पक्की झाली होती, तरी तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग स्क्रीनवर त्याचा निरोप दिसला. सोबत छोटासा प्रोग्रॅम. त्यात 'रविवार' नावाचा ॲरे, चार घरं, चारही रिकामी. तो एका फंक्शनला दिलेला, आणि फंक्शन आतून कोरं. खाली लिहिलं होतं, 'हे तुम्ही लिहा. फंक्शनने उलट काही पाठवायला नको, थेट माझ्या घरांतच लिहायचं. घरं रिकामीच राहिली, तर मी समजून घेईन.'

तिने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. हा माणूस आवडलाय, हे बोटांना तिच्याआधी कळलं होतं. चौथ्यांदा डोळे मिटून तिने पाठवायची कळ दाबली आणि जिना चढून वर गेली.

त्याने तिच्यासमोरच प्रोग्रॅम चालवला. त्याचे रविवार एकेक करून उमटले.

'तुझ्याबरोबर.'
'तुझ्याबरोबर.'
'तुझ्याबरोबर.'
'आईला भेटायला ये.'

त्याने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"प्रत तर नाही ना काढलीस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या मूळच्याच रविवारांना हात लावलाय."